घरात मांजरासाठी गवत कसं उगवावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांचं मांजर पूर्णवेळ घरातच असतं, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. मांजराला अधूनमधून हिरवं काहीतरी चावायचं असतंच. आपण सुरक्षित गवत समोर ठेवलं नाही, तर ते शोभेच्या झाडांकडे वळतं, आणि त्यातली काही झाडं मांजराच्या जिवावर बेतू शकतात. गवत उगवणं तसं सोपं आहे. घोळ होतो तो बियाणं निवडताना, पाणी घालताना आणि जून झालेलं गवत वेळेवर टाकून न दिल्यामुळे. म्हणून त्या गोष्टींवर इथे जास्त लिहिलं आहे.

मांजरगवत म्हणजे नेमकं कोणतं गवत?

गहू, जव, ओट किंवा राय या धान्यांचे दाणे दाट पेरले की आठवडा-दीड आठवड्यात जी कोवळी पाती येतात, तेच मांजरगवत. ‘कॅट ग्रास’ नावाची वेगळी अशी एकच वनस्पती नाही. गव्हाचं मांजरगवत आणि माणसं ज्याचा रस पितात ते गव्हांकुर, ही एकच गोष्ट आहे. तयार पाकिटांतही बहुतेक वेळा यांतलंच एखादं धान्य किंवा त्यांचं मिश्रण असतं. पाकिटावर धान्याचं नावच छापलेलं नसेल, तर ते घेऊ नका असंच मी सांगेन. काही ठिकाणी लव्हाळ्याच्या कुळातली झाडंही याच नावाने विकली जातात. त्यांची पाती जून झाली की कडा धारदार होतात, त्यामुळे धान्याचं गवत केव्हाही बरं.

मांजर तर मांसाहारी. मग ते गवत का खातं?

मांजराला गवत पचत नाही, हे खरं आहे. गवतातलं सेल्युलोज फोडणारं विकर त्याच्या शरीरात तयार होत नाही आणि गाई-म्हशींसारखं रवंथ करणारं पोटही त्याला नाही. पोषणासाठी त्याला मांसच लागतं. टॉरिन हे अमिनो आम्ल त्याला प्राणिज अन्नातूनच मिळतं आणि ते कमी पडलं तर हृदय आणि डोळे बिघडतात. म्हणजे भुकेपोटी किंवा जीवनसत्त्वांसाठी मांजर गवताकडे जातं, असं मानायला फारसा आधार नाही.

मग कशासाठी? पूर्वी असं समजलं जायचं की पोट बिघडलं की मांजर गवत खातं आणि उलटी करून मोकळं होतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यक विभागातले बेंजामिन हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजाराहून जास्त मांजरपालकांकडून माहिती गोळा केली. २०१९ मध्ये त्यांनी ती मांडली. ७१ टक्के मांजरांना त्यांच्या पालकांनी किमान सहा वेळा गवत किंवा दुसरी वनस्पती खाताना पाहिलं होतं. खाण्याआधी मांजर आजारी दिसत होतं असं सांगणारे फार थोडे होते. दहातल्या नऊंच्या मते ते अगदी ठीकठाक होतं. वारंवार उलटी व्हायची ती साधारण एक चतुर्थांश मांजरांना.

यावरून त्यांनी मांडलेलं अनुमान मला पटतं. मांजरांच्या रानटी पूर्वजांच्या आतड्यांत जंत असायचेच. न पचणारं तंतुमय पान पोटात गेलं की आतड्यांची हालचाल वाढते आणि जंत बाहेर ढकलले जातात. चिंपांझी खरखरीत पानं न चावता गिळतात आणि विष्ठेतून जंत बाहेर पडतात, हे जंगलात पाहिलं गेलं आहे. आज घरातल्या मांजराला जंत नसले, तरी ती सवय रक्तातच उतरलेली आहे. त्यामुळे तुमचं मांजर गवत खात असेल तर ‘याला काय झालं?’ म्हणून घाबरू नका. आणि गवत देता म्हणून जंताचं औषध बंदही करू नका. गवत त्या औषधाची जागा घेत नाही.

कॅटनिप आणि हे गवत एकच का?

नाही. कॅटनिप ही पुदिन्याच्या कुळातली वनस्पती. तिच्यातल्या नेपेटालॅक्टोन या द्रव्याच्या वासाने मांजर लोळतं, अंग घासतं, जरा वेळ तंद्रीत जातं. साधारण दोन तृतीयांश मांजरांवरच हा परिणाम होतो, तोही आनुवंशिक असतो आणि लहान पिल्लांवर होत नाही. मांजरगवतात असं कोणतंही द्रव्य नाही. ते फक्त चावायचं असतं.

याच ओघात गवती चहाबद्दल सांगायला हवं, कारण तो गवतासारखा दिसतो आणि बऱ्याच घरांत कुंडीत असतो. त्यातल्या सुगंधी तेलांमुळे मांजराचं पोट बिघडतं. पातीही कडेला धारदार असते. तो मांजरगवत म्हणून चालत नाही. त्याची कुंडी मांजर पोचणार नाही अशा जागी ठेवा.

कोणतं धान्य निवडू?

पहिल्यांदाच करत असाल तर गहू. तो पटकन रुजतो, फारसे नखरे करत नाही आणि पाती सरळ, भरीव येतात. जवही तितकाच चटकन वाढतो, मात्र त्याची पाती थोडी राठ होते. ओट रुजायला एक-दोन दिवस जास्त घेतो, पण त्याची पाती रुंद आणि मऊ असते आणि निवड करणारी मांजरं बऱ्याचदा ओटच पसंत करतात. एकाच कुंडीत गहू आणि ओट मिसळून पेरायलाही हरकत नाही.

आता महत्त्वाचं. दाणा अखंड आणि जिवंत हवा. पॉलिश केलेला जव रुजत नाही, कारण त्याचा अंकुर घासला गेलेला असतो. नाश्त्याचे चपटे ओट तर वाफवून दाबलेले असतात. त्यांना मोड येणं शक्यच नाही. ओट सालासकटच लागतात.

शेतीसाठीचं प्रक्रिया केलेलं बियाणं कधीही वापरू नका. त्यावर बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळलेलं असतं आणि ते ओळखू यावं म्हणून दाण्यांना गुलाबी, निळा किंवा हिरवा रंग दिलेला असतो. असा रंग धुऊन काढला म्हणजे औषध गेलं असं होत नाही. खाण्यासाठी विकलं जाणारं अखंड धान्य किंवा स्पष्टपणे ‘प्रक्रिया न केलेलं’ लिहिलेलं बियाणं, एवढ्यांतूनच निवडा.

आणि ज्वारी पेरू नका. ज्वारीच्या कोवळ्या रोपात धुरिन नावाचं द्रव्य असतं आणि पान चावलं, चुरगळलं की त्यापासून सायनाइड तयार होतं. कोवळ्या ज्वारीत गुरं सोडत नाहीत ते याच कारणाने. घरात दाणे आहेत म्हणून कुठलंही धान्य पेरून बघण्याची ही जागा नाही.

पेरायचं कसं?

१५ सेंटिमीटर व्यासाच्या कुंडीला २५ ते ३० ग्रॅम गहू पुरतो. दाणे निवडून घ्या, फुटके-किडके काढून टाका. दोन-तीन पाण्यांतून धुऊन ८ ते १२ तास भिजत घाला. रात्री भिजवून सकाळी पेरणं सोयीचं. दिवसभराहून जास्त पाण्यात ठेवले तर दाण्यांना हवा मिळत नाही आणि ते आंबतात. भिजवल्यावर वास येत असेल तर ते दाणे फेकून द्या, नव्याने सुरुवात करा.

कुंडी पसरट आणि जड असावी. मांजर गवत ओढतं तेव्हा हलकं भांडं त्याच्यासोबत येतं. तळाला भोकं हवीतच. आत पाच ते सात सेंटिमीटर भुसभुशीत माती पुरे; गवताला यापेक्षा खोल जागा लागत नाही. साधी कुंडीची माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा दोन्हींचं मिश्रण चालतं. ज्या मातीत रासायनिक खताचे दाणे आधीच मिसळलेले असतात ती घेऊ नका, कारण मांजर माती उकरतं आणि पंजे चाटतं. कोकोच्या, म्हणजे ज्यांपासून चॉकलेट बनतं त्या बियांच्या, सालींचा भुसाही टाळा. त्यात चॉकलेटमधलं थिओब्रोमिन असतं आणि ते मांजराला विषारी आहे.

माती आधी ओली करून पाणी निथळू द्या. मग दाणे एकथरी पसरा, जवळजवळ एकमेकांना चिकटून. एकावर एक थर मात्र नको, कारण खालचे दाणे कुजतात आणि बुरशीची सुरुवात तिथूनच होते. वर अर्धा सेंटिमीटर माती भुरभुरवा, हलक्या हाताने दाबा आणि ओलावा टिकावा म्हणून वरून झाकण सैलसर ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोंब वर आले की झाकण काढायचं. ते विसरलं की आत दमटपणा साचतो.

१८ ते २४ अंश सेल्सियस तापमान गव्हाला छान मानवतं. तिशीच्या वर गेलं की दाणे रुजण्याआधी कुजण्याचं प्रमाण वाढतं. अशा वेळी भिजवण्याचा काळ कमी करा आणि पेरणी थोडी विरळ ठेवा. थंडीत सगळं सावकाश होतं, एवढंच.

मातीशिवाय, नुसत्या ओल्या कापसावर किंवा कागदावर उगवेल का?

उगवेल. पहिल्या आठवडा-दहा दिवसांचं सगळं अन्न दाण्यातच साठवलेलं असतं, त्यामुळे माती नसली तरी गवत दिसायला तितकंच हिरवंगार येतं. पण साठा संपला की ते पिवळं पडतं आणि कापल्यावर नीट फुटत नाही. शिवाय मांजर पाती धरून ओढतं तेव्हा अख्खी चटईच उचलली जाते आणि ओल्या कागदाचे, कापसाचे तुकडे तोंडात जातात. मातीची किंवा कोकोपीटची पकड असेल तर पाती तुटते, झाड जागेवर राहतं. मला विचाराल तर मांजरासाठी मातीच बरी. जागेअभावी किंवा स्वच्छतेसाठी मातीशिवाय करायचंच असेल, तर गवत कापून ताटलीत द्या.

घरात ऊन येत नाही. चालेल का?

रुजायला उजेड लागतच नाही. कोंब वर आल्यावर मात्र खिडकीजवळची उजेडाची जागा हवी. कडक ऊन नसलं तरी चालतं. उजेड कमी पडला की पाती लांबोडकी, फिकट होतात आणि आडवी पडतात. खिडकीच्या दिशेने वाकत असतील तर कुंडी रोज अर्धी फिरवा. खिडकीच नसेल तर झाडांसाठीचा साधा एलईडी दिवा दिवसाचे १२ ते १४ तास लावला तरी पुरतो. मात्र त्याची वायर मांजराच्या दातांपासून दूर ठेवा.

पाणी किती घालायचं?

वाफसा असावा, चिखल नको. बोट मातीत टेकवलं की ओल लागली पाहिजे, पण बोटाला माती चिकटून येता कामा नये. कोंब फुटेपर्यंत फवारणी पुरते. पाती तीन-चार सेंटिमीटर झाली की कुंडी पाण्याच्या ताटलीत १५-२० मिनिटं ठेवा, मग उरलेलं पाणी ओतून टाका. खालून पाणी दिल्याने दाण्यांचा वरचा थर कोरडा राहतो, आणि बुरशी टाळण्याचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

सकाळी पात्यांच्या टोकांवर पाण्याचे थेंब दिसले तर ते दव नव्हे. मुळांनी रात्री ओढलेलं जास्तीचं पाणी पातं टोकातून बाहेर टाकतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. गवत तहानलेलं नाही, एवढं त्यावरून कळतं.

दाण्यांभोवती पांढरं, कापसासारखं काहीतरी दिसतंय. बुरशी आहे का?

याच टप्प्यावर कितीतरी चांगल्या कुंड्या उगाच कचऱ्यात जातात. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी कोवळ्या मुळाभोवती जी बारीक पांढरी लव दिसते, ती बहुतेक वेळा मूलरोमांची असते. पाणी शोषण्यासाठी मूळ स्वतःच ती वाढवतं. ती फक्त मुळाभोवती असते, सगळीकडे सारखी आणि टोकाशी नसते. तिच्यावर पाणी फवारून बघा: मूलरोम ओले होऊन मुळाला चिकटतात आणि लव जणू नाहीशी होते. थोड्या वेळाने ते पुन्हा उभे राहतात.

बुरशी वेगळी दिसते. तिचे धागे कोळ्याच्या जाळ्यासारखे एका दाण्यावरून दुसऱ्या दाण्यावर पसरतात, न रुजलेल्या दाण्यांवर आधी येतात, पाणी मारल्यावरही तसेच राहतात. पुढे करडा, काळा किंवा हिरवट रंग धरतात. नाकाला कुबट वास येतो. अशी बुरशी दिसली तर ‘वरची पाती तर हिरवी आहे’ असा विचार करू नका. मांजर बुडापासून चावतं आणि कधी दाण्यासकट उपटतं. कुंडी पूर्ण रिकामी करा, साबणाच्या गरम पाण्याने घासा, वाळवा, नवी माती भरा. पुढच्या वेळी दाणे विरळ पेरा, झाकण लवकर काढा आणि खोलीत वारा खेळता ठेवा.

बुरशी मारण्यासाठी दालचिनीची पूड, सुगंधी तेलं, बुरशीनाशक असं काहीही खाण्याच्या गवतावर टाकू नका. सुगंधी तेलं तर विशेषकरून नकोत. ती शरीराबाहेर टाकायला यकृतात जी यंत्रणा लागते, ती मांजरात दुबळी असते.

कुंडीवर बारीक काळी चिलटं उडतात.

सतत ओल्या मातीत ती अंडी घालतात. वरची माती कोरडी होऊ द्या, पाणी खालूनच द्या, आणि प्रत्येक पेरणीला नवी माती घ्या. पिवळे चिकट सापळे मांजराच्या केसांना आणि पंजांना चिकटतात, ते त्याच्या आवाक्यात लावू नका.

गवत खायला कधी आणि किती द्यायचं?

पाती १० ते १५ सेंटिमीटर झाली की द्यायला हरकत नाही. साधारण सात ते दहा दिवसांत तेवढी होते. त्याआधी दिलं तर मुळं धरलेली नसतात आणि मांजर झुपकेच्या झुपके उपटून टाकतं.

प्रमाणाचा कुठला ठरलेला आकडा नाही. बहुतेक मांजरं चार-सहा पाती चावतात आणि निघून जातात. अशा मांजरासाठी कुंडी दिवसभर ठेवली तरी चालते. काही मात्र अधाशासारखी लांबलचक पाती न चावता गिळत सुटतात. त्यांना कुंडी दहा मिनिटं द्या आणि उचलून ठेवा, किंवा पाती आधीच कात्रीने छाटून बोटभर उंचीची करून द्या. गवत जेवणाची जागा घेत नाही, म्हणून जेवणाच्या अगदी आधी देऊ नका.

मांजर खाताना नीट बघा. ते मान तिरकी करून गालातल्या दातांनी पाती कापतं, कारण पुढचे छोटे दात त्या कामाचे नसतात. नेहमी नीट खाणारं मांजर अचानक एकाच बाजूने चावायला लागलं, किंवा गवत तोंडात धरून सोडून द्यायला लागलं, तर दात किंवा हिरड्या दुखत असतील. तपासून घ्या.

गवत खाल्लं की माझं मांजर उलटी करतं. देणं थांबवू का?

कधीतरी एकदा उलटी झाली, तीत गवत, थोडा फेस, कदाचित केस निघाले आणि मांजर लगेच खेळायला लागलं, तर हे नेहमीचंच आहे. दर वेळी उलटी होत असेल तर गवत कमी करा, पाती बारीक कापा, जून पाती काढून टाका. तरीही होतच राहिलं तर गवत बंद करून बघा. उलट्या गवताशिवायही सुरूच राहिल्या, तर कारण दुसरं आहे आणि ते शोधायला पशुवैद्यच हवा.

काही लक्षणं दिसली तर वाट बघू नका: दिवसभरात पुन्हा पुन्हा उलट्या, उलटीत रक्त, पूर्ण दिवस काही न खाणं, सुस्तावून कोपऱ्यात बसून राहणं, पोटाला हात लावू न देणं, किंवा उलटीचे उमाळे येऊनही काही बाहेर न पडणं.

एक गोष्ट कमी जणांना माहीत असते. गिळलेली किंवा उलटीसोबत वर आलेली पाती कधीकधी टाळूच्या मागे, नाकाच्या मागच्या पोकळीत अडकते. गवताच्या पातीला कडेने बारीक काटेरी दाते असतात, त्यामुळे ती सहजासहजी निघत नाही. मग मांजर अचानक शिंकायला लागतं, थांबतच नाही, सारखं घोटतं, पंजाने तोंड खाजवतं. पुढे एकाच नाकपुडीतून शेंबूड येतो. ही सर्दी समजून दिवस काढू नका. पशुवैद्याला ‘हे मांजर गवत खातं’ हे आवर्जून सांगा, म्हणजे ते तिथे बघतील. पाती काढायला बहुधा भूल द्यावी लागते, पण ती निघाली की मांजराला लगेच मोकळं वाटतं.

शी करताना पाती अर्धी बाहेर लटकताना दिसली तर ओढू नका. ती नंतर आपोआप पडते. न पडल्यास किंवा ती दोऱ्यासारखी वाटल्यास डॉक्टरांकडे न्या.

केसांचे गोळे होऊ नयेत म्हणून गवत उपयोगी आहे ना?

तसं सर्रास सांगितलं जातं, पण त्यावर विसंबू नका. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले कडक काटे असतात, त्यामुळे चाटताना सुटलेले केस गिळण्यावाचून त्याला गत्यंतर नसतं. बहुतेक केस विष्ठेतून जातात, उरलेले उलटीतून. गवतामुळे कधी गोळा बाहेर पडायला मदत होते, पण गोळाच होऊ नये यासाठी खरा उपाय म्हणजे रोज केस विंचरणं, लांब केसांच्या मांजराचे तर नक्कीच. वारंवार गोळे पडत असतील तर मांजर त्वचेच्या त्रासामुळे किंवा ताणामुळे जास्त चाटत असेल, ते आधी बघा.

मांजर कुंडीत बसतं, माती उकरतं, कधी तिथेच शी करतं.

ओली भुसभुशीत माती त्याला शीच्या डब्यासारखीच वाटते, त्याला बोल लावू नका. पेरल्यावर कुंडीच्या तोंडावर जाळी बसवा. साधारण एक सेंटिमीटर चौकोनांची असेल तर पाती तिच्यातून वर येतात आणि माती झाकलेली राहते. कापलेल्या टोकदार तारा मात्र आत वळवून घ्या. याने उपटणंही कमी होतं. अंगावर गवत घेऊन लोळणारं मांजर असेल तर दोन कुंड्या करा, एक लोळायला आणि एक खायला. शी झालेल्या कुंडीतलं गवत मात्र धुऊन वापरायचं नाही, टाकूनच द्यायचं.

माझं मांजर गवताकडे ढुंकूनही बघत नाही.

मग राहू दे. गवत ही त्याची गरज नाही. जागा बदलून बघा: शीच्या डब्याजवळ ठेवलेल्या खाण्याला मांजर तोंड लावत नाही, पण आवडत्या खिडकीत तेच गवत खाईल. गहू नको असेल तर ओट पेरून बघा. एखादी पाती दोरीसारखी हलवली की कुतूहल जागं होतं. तोंडात कोंबू मात्र नका.

गवत ठेवलं की ते माझ्या बाकीच्या झाडांना हात लावणार नाही, असं धरून चालू का?

धरून चालू नका. पुष्कळ मांजरं गवत मिळाल्यावर इतर झाडं सोडतात, पण मनीप्लांट बाजूला असेल तर एखादा घास सहज जातो. म्हणून विषारी झाडं घरातून काढायची आणि गवतही ठेवायचं, दोन्ही.

सगळ्यांत आधी लिली. लिलियम आणि डे-लिली या दोन्ही गटांतल्या लिलींचं पान, पाकळी, देठ, एवढंच काय, अंगावर पडलेले आणि चाटताना पोटात गेलेले परागकण किंवा फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी करू शकतं. सुरुवातीला फक्त उलटी आणि सुस्ती दिसते, मग मांजर सावरल्यासारखं वाटतं, आणि एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडतात. लिली चावल्याचा नुसता संशय असला तरी लक्षणांची वाट न बघता त्याच क्षणी दवाखान्यात निघा. सुरुवातीच्या तासांत सलाइन सुरू झालं तर वाचण्याची शक्यता बरीच वाढते. ज्या घरात मांजर आहे त्या घरात लिलीचा गुच्छ नसावा. कुणी भेट दिला तरी.

सायकस म्हणजेच सागो पाम यकृतावर घाला घालतो. कण्हेर आणि पानफुटीच्या जातीतला कलांचो हृदयावर परिणाम करतात. मनीप्लांट, फिलोडेंड्रॉन, डिफेनबेकिया यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावल्याबरोबर तोंडाची आग होते, लाळ गळते. कोरफडीने उलट्या-जुलाब होतात. याउलट स्पायडर प्लांट विषारी नाही, त्याची पाती गवतासारखी असल्यामुळे मांजरं ती आवडीने चावतात, आणि जास्त चावली तर फार तर पोट बिघडतं.

बाहेरचं गवत तोडून आणलं तर?

नको. त्यावर तणनाशक फवारलंय का, कुत्र्या-मांजरांनी घाण केली आहे का, हे बघून कळत नाही. गोगलगायींमार्फत मांजराच्या फुप्फुसात शिरणारे जंतही असतात. रानगवताची कुसळं तर नाकात, कानात, कातडीत घुसतात. घरच्या कुंडीचा मुख्य फायदाच हा आहे की त्यात काय गेलं आणि काय नाही, हे तुम्हाला ठाऊक असतं.

एक कुंडी किती दिवस टिकते? कापल्यावर पुन्हा फुटते का?

फुटते. गवत बुडातून वाढतं, त्यामुळे दोन-तीन सेंटिमीटर ठेवून कापलं तर पुन्हा पाती येतात. पण दुसरं पीक पहिल्यापेक्षा विरळ असतं आणि तिसरं बहुधा नावापुरतं. पेरल्यापासून तीनेक आठवड्यांत पाती राठ होतात, टोकं पिवळी पडतात, खालचे रिकामे दाणे कुजायला लागतात. खत घालून ती कुंडी जगवत बसण्यापेक्षा नवी पेरा.

त्यासाठी दोन लहान कुंड्या आलटून पालटून वापरणं सगळ्यांत सोयीचं. पहिली खायला दिली त्याच दिवशी दुसरी पेरायची. एकदा ही पाळी बसली की घरात कधीच जून गवत राहत नाही. गवत एकदम जास्त आलं तर कापून, किंचित ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवलं तर चार-पाच दिवस ताजं राहतं.

उरलेलं बियाणं कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. बरेच महिने पडून असेल तर आधी २० दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून तीन दिवस ठेवा. १५-१६ दाण्यांना मोड आले तर निर्धास्त पेरा. निम्मेही रुजले नाहीत तर ते दाणे वापरू नका, कारण न रुजलेला प्रत्येक दाणा मातीत कुजतो.

पिल्लाला, म्हाताऱ्या किंवा आजारी मांजराला गवत चालतं का?

आईचं दूध सुटून पिल्लू नीट घन आहार खायला लागलं की थोडं, कोवळं गवत चालतं. पिल्लं सगळंच तोंडात घालतात, त्यामुळे समोर बसून द्या. डेव्हिसच्या त्याच पाहणीत तरुण मांजरं मोठ्यांपेक्षा जास्त वेळा गवत खाताना दिसली आणि त्यांना उलट्या मात्र कमी झाल्या.

म्हाताऱ्या, दात पडलेल्या मांजराला पाती चावता येत नाही आणि ते अख्खी गिळायला बघतं. त्याच्यासाठी कोवळी टोकं अर्ध्या सेंटिमीटरची कापा आणि ओल्या जेवणावर चिमूटभर घाला.

आतड्यांचा जुनाट आजार, नुकतीच झालेली पोटाची शस्त्रक्रिया किंवा डॉक्टरांनी ठरवून दिलेला खास आहार असेल, तर त्यांना विचारल्याशिवाय गवत सुरू करू नका. विचारताना कोणतं धान्य पेरता तेही सांगा. आणि बरं नसलेलं मांजर एकाएकी गवतामागे लागलं, तेही जेवण सोडून, तर कुंडी बाजूला ठेवून आधी त्याला तपासून आणा.